उलटी खुर्ची

थांब, मध्ये काही बोलू नकोस. आधी ऐक फक्त, मग काय म्हणायचं ते म्हण.

तर मावशी खाटेवर उशीला टेकून बसलेली, हाताला सलाईन. मामा शेजारी स्टुलावर पेपर वाचत होता आणि मी खिडकीत. मावशीची नजर मामाच्या स्वेटरवर गेली आणि म्हणते कशी, "मास्तर, आता पलीकडे आईची भेट झाली ना, की पहिली तुझीच तक्रार करणार आहे. थंडी संपली तरी याने स्वेटर धुवायला टाकला नाही म्हणावं."

आणि मामा म्हणाला, "भेट होणार हे कशावरून?"

बस. एवढंच. पेपरातून मानही वर केली नाही त्याने. रागाने नाही, चेष्टेने नाही, आपण शिंक आल्यावर शिंकतो ना, तसं.

मावशीला एक सवय होती. बसल्या बसल्या हाताच्या कडेने चादरीच्या सुरकुत्या मोडायची. सलाईन असलेल्या हातानेसुद्धा. नर्स ओरडायची तिला. तर तो हात थांबला. तिने मामाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मामाने पान उलटलं.

आता तुला मामा कोण ते सांगायला हवं, नाही तर तुला वाटेल काय दगड माणूस आहे. तसा नाहीये तो. माझ्या आईचा मोठा भाऊ. मावशी त्या दोघांहून मोठी. मामा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, तेही फक्त पहिल्या वर्षाला. म्हणजे तर्क कसा करायचा, चांगलं काय वाईट काय, देव आहे की नाही, हे सगळं एका वर्षात उरकायचं. वर्गात निम्मी पोरं अशी, की ज्यांना दुसरा कुठलाच विषय वेळापत्रकात बसला नाही. आणि सगळं कॉलेज त्याला म्हणतं 'कशावरून सर'. कारण तुम्ही काहीही बोला, तो तेच विचारणार. "सर, बेल झाली." "कशावरून?" "ऐकू आली, सर." "ऐकू आली म्हणजे झाली?" इकडे दारात पुढच्या तासाची पोरं ढकलाढकली करतायत आणि हा बेल झाली का याची चर्चा करतोय!

मी त्याच्या वर्गात होते वर्षभर, म्हणून मला ती खुर्ची माहीत आहे. खुर्चीचं नीट ऐक, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मावशीची लाँड्री होती. तिथे गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी खुर्ची असायची. तिचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मावशी ती फेकून देणार होती, तर मामाने ती खांद्यावर टाकून कॉलेजात नेली आणि फळ्याशेजारी ठेवली. तिचं नाव उलटी खुर्ची. नियम असा की तिच्यावर जो बसेल त्याने स्वतःला जे वाटतं त्याच्या बरोबर उलट बोलायचं. आणि जीव तोडून बोलायचं, नाटकी नाही. मी पहिल्याच आठवड्यात मोठ्या तोऱ्यात म्हणाले, देवबिव सगळं झूट आहे. मामा म्हणाला, "वा. या, बसा." वर्गात मी त्याला सर म्हणायचे आणि तो मला चक्क अहोजाहो करायचा. "बसा, आणि आता आहे म्हणून सांगा." मला घाम फुटला. मी म्हटलं, एवढं सगळं आपोआप कसं होईल? "छान. पुढे?" पुढे काय! पुढे मी काहीतरी बडबडले, फुलांचं, ताऱ्यांचं, आणि खरं सांगू का, नंतर चार दिवस मला देव आहे असंच वाटत होतं.

नियमाचा दुसरा भाग मामा दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचा. "या खुर्चीवरून बोललेलं कुणी खोटं धरायचं नाही. इथून माणूस काहीही बोलू शकतो. पण खुर्चीवरून उठलात की जे बोलाल ते तुमचं. ते तुम्हाला निभवावं लागेल."

तो स्वतःही बसायचा. वर्गात 'आहे' म्हणणारे जास्त झाले की हा बसून 'नाही' मांडायचा, 'नाही'वाले जास्त झाले की 'आहे'. पण उभा राहून, स्वतःचं म्हणून, तो कधी काही बोलला नाही. पोरं पैजा लावायची, सर कुठल्या बाजूचे. मी एकदा मावशीलाच विचारलं, मामा देव मानतो का गं? ती म्हणाली, "मला काय ठाऊक? तो माझ्याकडे शर्ट टाकतो, मतं टाकत नाही."

मावशी म्हणजे अशी. त्यांची आई गेली तेव्हा मामा कडेवर होता, माझी आई पाळण्यात, आणि मावशी शाळा संपवत होती. ती संपायची राहिली. लोकांच्या लाँड्रीत लागली, पुढे तीच लाँड्री तिने घेतली. लग्न का नाही केलंस विचारलं तर म्हणायची, इस्त्री थंड व्हायला वेळच कुठे होता! दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग, जुने, चकचकीत. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत ती आणि मामा राहायचे. आणि मामा नवीन नोकरीला लागला ना, तेव्हा वर्गात बोलायची इतकी भीती वाटायची त्याला, की तो आदल्या दिवशी सगळा तास मावशीसमोर म्हणून दाखवायचा. ती इस्त्री करतेय, आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी, आणि हा कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून फेऱ्या मारत जगाच्या आदिकारणावर बोलतोय. असं वर्षानुवर्षं चाललं. सवयच पडली दोघांना.

आणि आजोळच्या आजीचं म्हणशील, तर मावशी तिच्याबद्दल अशी बोलायची जशी काही ती पलीकडच्या खोलीत बसलीय. आईला हा रंग आवडला असता, असं नाही. आईला हा रंग आवडेल. पूजाप्रार्थनेतली नव्हे हं ती. देव आहे की नाही यावर ती कधी बोललीच नाही. तिचं आपलं एकच, आई आहे, आणि एक दिवस आपण पलीकडे जाऊ. डॉक्टरांनी आता फार काही करण्यासारखं नाही असं सांगितलं, तेव्हा माझी आई जिन्यात बसून रडली. मावशी म्हणाली, "चला, आईला बरंच काही सांगायचंय." आणि रोज तिची यादी वाढत होती. मामाचा स्वेटर. माझे कापलेले केस. दवाखान्याच्या चादरी, ज्यांना कुणी धड घडी घालत नाही.

तर त्या 'कशावरून'नंतर ती यादी बंद झाली.

आधी मला कळलं नाही. वाटलं, थकली असेल. पण दुसऱ्या दिवशी मी तिचं अंग पुसत होते, तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "चिमणे, तुला काय वाटतं गं? पलीकडे काहीच नसेल का?"

मी म्हटलं, "अगं असं काय करतेस!"

"नाही, नसेलही. मी कधी विचारच केला नव्हता. मास्तर म्हणाला ते बरोबर आहे. कशावरून?"

एकदा लाँड्रीतल्या बॉयलरचं झाकण उडालं होतं. तेव्हा सगळे रस्त्यावर पळाले आणि मावशी ओला टॉवेल गुंडाळून आत गेली. ती बाई आता माझं मनगट सोडायला तयार नव्हती.

मी मामाला बाहेर व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हणालो असं?" शपथ, त्याला आठवतच नव्हतं! मग आठवलं. मग चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, "प्रश्न चुकीचा नव्हता."

"मामा!"

"नाही, म्हणजे प्रश्न चुकीचा नव्हता. वेळ चुकीची होती. आता नीतीच्या दृष्टीने बघितलं तर..."

"मामा, तास नाहीये हा. जा आणि तिला सांग, आई भेटेल म्हणून. एक वाक्य आहे."

"मला ते माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही! तरी सांगतात ना लोक."

"लोक सांगतात," मामा म्हणाला. "आणि तिला मी सांगितलं तर ती ऐकेल, हेच तर वाईट आहे. मला बोलायला तिने शिकवलं. तिला मी आजवर कधी थाप मारलेली नाही."

मग एकदम म्हणाला, "मी कारण मागितलं. मग आता कारण मीच आणून द्यायला हवं." आणि उठून घरी गेला.

दुसरं कुणी असतं तर फुलं आणली असती, माफी मागितली असती. हा दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला देवाच्या अस्तित्वाचा पुरावा घेऊन आला.

हसू नकोस. खरंच. स्टूल ओढलं, घसा साफ केला. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेल्या एक बाई होत्या, आयुष्यभर थिएटरच्या तिकीट खिडकीवर काम केलेल्या. त्यांनी लगेच कूस बदलली, इकडे तोंड करून. मामा म्हणाला, "ताई, हे बघ. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं. त्या कारणाला आणखी कारण. असं मागे मागे जात राहिलो तर कुठेतरी थांबायला हवं की नको? जिथे थांबू तिथे जो उभा असेल, तो..."

मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "यानंतर विचारायचं ना, मग त्याचं कारण काय?"

मामाने स्टूल थोडं मागे घेतलं.

"तूच विचारलं होतंस. हॉटेलचे टेबलक्लॉथ आले होते त्या दिवशी. मी म्हटलं, मास्तर, थांबव आता, तर म्हणालास, थांबायचं कशावरून?"

तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, "अरेरे. खेळ मध्यंतराआधीच संपला."

पण तो परत आला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तुझ्यापुढे शर्ट आला. मोजून कापलेला, काजं जागच्या जागी. तो आपोआप झाला असं म्हणशील का तू? कुणीतरी शिवला असणार. मग हे जग..."

"हे चांगलं आहे," तिकीटवाल्या बाई म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "हेही झालंय. म्हणाला होतास, शिंपी मानला, पण एक बाही लांब एक आखूड असे शर्ट बघितलेत ना तू, मग हा शिंपी कसला म्हणायचा? मी आठवडाभर प्रत्येक शर्टाच्या बाह्या मोजत होते तुझ्या पायी." मग डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुझे हे सगळे पुरावे ना, मास्तर, समोरून कडक असतात. वळलास की पाठ चुरगळलेली दिसते. आणि ती तूच चुरगळून ठेवलीयेस."

तुला गंमत कळतेय का? एवढी वर्षं त्याने दोन्ही बाजू तिला म्हणून दाखवल्या. एक उभी करायची, एक पाडायची. आता त्याला फक्त उभी करायची होती आणि तिच्याकडे पाडणारी आधीच जाऊन बसली होती. व्हरांड्यात मला म्हणाला, "मी तिच्या डोक्यात काय काय भरून ठेवलंय!" मी म्हटलं, "एक वाक्य, मामा." तो म्हणाला, "आणखी एक आहे माझ्याकडे."

ते शेवटचं त्याने आणलं तेव्हा मावशीचं बोलणं कमी झालं होतं. दुखणं थांबवायचं औषध वाढवलं होतं. मामा वाकून हळू म्हणाला, "ताई, हे सोपं आहे. आहे असं मानून चाललं तर तोटा काय? असलं तर भेट होईल. नसलं, तर फसलो हे कळायलाही कुणी उरणार नाही."

आणि मावशी चिडली. आवाज नव्हता तिच्यात, पण चिडली.

"गिऱ्हाईक डाग घेऊन यायचं," ती म्हणाली. "विचारायचं, जाईल का हो? मी कधी म्हटलंय, जाईल असं मानून चाला, तोटा काय? जाणार असेल तर जाईल म्हणायचे. नसेल तर नाही. माहीत नसेल तर माहीत नाही, ठेवून जा, प्रयत्न करते. माझी समजूत काढू नकोस. पाठीवर थोपटून काय होतंय?"

तिकीटवाल्या बाईंनी हळूच दुसरीकडे तोंड केलं.

मामा स्टुलावर तसाच वाकलेला. मग त्याने विचारलं, आणि बघ हं, त्याच्या तोंडून 'कशावरून' सोडून दुसरा खरा प्रश्न ऐकल्याचं मला आठवत नाही. त्याने विचारलं, "मग तुला काय हवंय, ताई?"

मावशी म्हणाली, "निरोप."

"कसला?"

"आईसाठी. हे बघ, मी जातेय. ती आहे की नाही ते मी बघेन, तो माझा प्रश्न, तू नको सोडवूस. पण असली, तर मी रिकाम्या हाताने जाऊ? ती पहिलं तुझंच विचारणार. तू कडेवर होतास तिच्या. मी काय सांगू? मास्तरने पुरावे दिलेत म्हणून?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली अँब्युलन्स धूत होते.

"बरं," तो म्हणाला. "समजा, भेट झाली असं आपण गृहीत धरलं..."

"गृहीत तुझ्या वर्गात. कुणी गावाला निघालं की निरोप असा देतात का? समजा गाव असलंच, समजा काकू जिवंत असल्याच? नीट दे. मला पाठ करायला वेळ लागतो आता."

मी त्याला तासभर न थांबता बोलताना बघितलंय. आता नुसते ओठ हलायचे आणि थांबायचे. आणि मावशीला कळलं गं ते. तिला त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं कळायचं. ती नरमली. म्हणाली, "बरं, राहू दे. नसेल जमत तर असं कर. ते स्टूल म्हणजे तुझी ती खुर्ची समज. बसूनच सांग. मी खोटं धरणार नाही."

कळलं ना तुला तिने काय केलं? तिने त्याला सोडवलं. त्याच्याच नियमाने. त्या स्टुलावर बसून तो वाट्टेल ते बोलला असता. आईला हे सांग, आईला ते सांग. ते खोटं नाही, त्याचं मतही नाही. तिला निरोप मिळाला असता, आणि हा आयुष्यभर जसा राहिला तसाच राहिला असता, कुठल्याच बाजूला नाही. तर्कात बसतं, नीतीत बसतं. मी असते तर त्या क्षणी तोंड उघडलं असतं.

मामा हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. सलाईनचा एक थेंब पडायचा, मग दुसरा.

मग स्टूल फरशीवर खरकन वाजलं, आणि मामा उठला.

वर्गात उभा राहतो तसा नाही. शाळेत पोराला उठवतात ना उत्तर द्यायला, तसा. हात सरळ खाली. आणि साध्या आवाजात म्हणाला, "आईला सांग, ती गेल्यावर ताईने मला एकदाही चुरगळलेल्या शर्टात शाळेत पाठवलं नाही."

मावशी बघत राहिली त्याच्याकडे.

"आणि सांग, आता ताईला काही काम लावू नकोस. बसू दे तिला. मी आलो की काय असेल ते करेन."

नर्स औषधांचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"एवढंच?" मावशी म्हणाली.

"एवढंच."

"आणि स्वेटरचं?"

"स्वेटर आज धुतो. ते नको सांगूस."

"बरं," मावशी म्हणाली. "राहील लक्षात." ओठ हलत होते तिचे, पाठ करत असावी. आणि तिचा हात चादरीवर फिरायला लागला, कडेने, सुरकुत्या मोडत. नर्स सलाईनच्या हाताबद्दल ओरडली नाही त्या दिवशी.

पुढे त्याच आठवड्यात मावशी गेली. आम्ही तिथेच होतो. सांगण्यासारखं काही नाही त्यात. श्वास लांब झाले, मग त्यांच्यामधली जागा लांब झाली, मग नर्सने घड्याळ बघितलं. माझी आई रडली. तिकीटवाल्या बाई रडल्या. मामाने खाटेवरची चादर सारखी केली. ती गेली त्या आठवड्यात ती पुन्हा यादी करत होती, एवढं मला माहीत आहे. त्यात माझे केस होते, आणि दवाखान्यातलं सूप.

मी मामाला विचारलं. विचारणारच ना! दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत होतो, तेव्हा म्हटलं, "मामा, तू उठलास का? बसून सांगता आलं असतं. तुला खरंच वाटतं का, की ती भेटेल?" त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार कशावरून.

तो म्हणाला, "स्टूल डगमगत होतं."

स्टूल डगमगत नव्हतं! लोखंडी होतं, मी त्यावर दिवसच्या दिवस बसले होते. डगमगते ती वर्गातली खुर्ची.

आणि आता हे शेवटचं. काल मी कॉलेजात गेले होते, लाँड्रीची किल्ली त्याला द्यायला. लाँड्री बंदच आहे, शटरवर कुणीतरी जाहिरात चिकटवलीय. तास चालू होता म्हणून मी दाराबाहेर थांबले. नेमका कुठला तास, तर खोटं बोलण्याचा. दरवर्षी येतो तो. मामा विचारत होता, मरणाच्या दारातल्या माणसाची समजूत घालायला खोटं बोलावं का? आणि आख्खा वर्ग एका सुरात, बोलावं! दरवर्षी असंच होतं, आमच्या वेळीही झालं होतं. मग मामा खुर्चीवर बसतो आणि उलट बाजू मांडतो, आणि तास संपेपर्यंत निम्मा वर्ग डळमळीत.

तो खुर्चीपाशी गेला. तिच्या पाठीवर हात ठेवला. बसला नाही.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बसा ना. उलट बाजू कोण मांडणार मग?"

"आज तुमच्यातलं कुणीतरी बसा," मामा म्हणाला.

"पण सर, तुमचं काय मत आहे? खोटं म्हणायचं का ते?"

मामा फळा पुसायला वळला. आणि तेव्हा मी बघितलं. शर्ट त्याने स्वतः इस्त्री केलेला होता. कॉलर अशी कडक, जशी मावशीच्या हातची, एकही सुरकुती नाही. मनगटाशी कफही सरळ. आणि पाठ सगळी चुरगळलेली, वरपासून खालपर्यंत. पाठ शेवटी करायची असते ना. तिथपर्यंत तो पोचलाच नसावा.

फळा पुसून झाला तरी तो पुसतच होता. मी किल्ली दाराच्या कडीला अडकवली आणि निघून आले.

आता बोल. बोल ना, मघापासून तोंड उघडतेयस. खोटं बोलला का तो? की तेवढंच एक खरं बोलला आयुष्यात? मी रात्रंदिवस दोन्ही बाजू मांडतेय, त्यानेच शिकवलंय ना मेलं, आणि दोन्ही उभ्या राहतात आणि दोन्ही पडतात. म्हणून ते सोड. एवढंच सांग, मावशी समोर आहे, तिने तुला मोकळं केलंय, स्टूल तुझ्या खाली आहे. तू काय केलं असतंस? बसून सांगितलं असतंस, की उठून?